शिक्षणाची वर्षं: दहा

मेंदूच्या अभ्यासासाठी आम्ही जे स्कॅन करतो त्याच्या आधी दोन पानी एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. वय, उजवा हात की डावा, अंगात कुठे धातू आहे का, बंद जागेत घाबरायला होतं का, आणि शेवटी शेवटी तो एक रकाना, शिक्षणाची एकूण वर्षं. पेशंट स्वतः फार बोलत नव्हता, बूट काढायचे का एवढंच परत परत विचारत होता, म्हणून मी त्याच्या आईलाच विचारत होते. "दहावी झाली, अकरावी अर्धवट," त्या म्हणाल्या. मी दहा लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले तर त्या म्हणाल्या, "अगं थांब ना जरा. हुशार होता तो. अकरावीतच तर हे सगळं सुरू झालं, आवाज ऐकू यायला लागले, त्याच्यामुळेच कॉलेज सुटलं. मग हे तू शिक्षणात धरणार की आजारात?" मी म्हटलं, "काकू, फॉर्ममध्ये नुसती वर्षं विचारलीयत हो." त्या बरं म्हणाल्या आणि मुलाच्या शर्टाचं बटण नीट करायला लागल्या, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं हे दिसत होतं. माझंही झालं नव्हतं. मुलगा आत गेला, मशीनचा तो ठकठक ठकठक आवाज सुरू झाला, आणि माझ्या डोक्यात मात्र भुंगा लागला तो लागलाच. शिक्षणात की आजारात? इतका सरळ प्रश्न, याचं उत्तर कुणाकडे तरी तयार असणारच असं मला वाटत होतं.

आता त्या दहाचं पुढे काय होतं ते सांगते. तो आकडा एका शीटमध्ये जातो. एक ओळ म्हणजे एक माणूस, आणि त्या ओळीत वय, लिंग, कवटीच्या आतलं आकारमान, शिक्षण, कोणत्या मशीनवर स्कॅन झाला वगैरे. एका कॉलममध्ये फक्त शून्य किंवा एक, शून्य म्हणजे निरोगी आणि एक म्हणजे पेशंट. दुसऱ्या बाजूला मेंदूचं चित्र, त्याचे लाखो बारीक ठोकळे केलेले, आणि त्या प्रत्येक ठोकळ्यासाठी तेच एक समीकरण चालतं, की इथे ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतल्या पेशींचा करडा भाग, एवढं आहे, त्यातलं वयाच्या खात्यात किती जातं, लिंगाच्या खात्यात किती, शिक्षणाच्या किती, आणि ही सगळी खाती चुकती केल्यावर शून्यवाल्यांत आणि एकवाल्यांत फरक काय उरतो. जे उरतं ते लाल-पिवळे डाग होऊन स्क्रीनवर येतं, आणि पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, वाक्य येतं की वय, लिंग आणि शिक्षण कंट्रोल केल्यानंतरही दोन ग्रुपमध्ये फरक आढळला. हे वाक्य वाचलं की फार बरं वाटतं. त्यात एक आश्वासन असतं, की आम्ही तराजूवर आधी रिकामं भांडं ठेवून त्याचं वजन वजा केलंय, आता काटा दाखवतोय ते फक्त आतल्या मालाचं. भांडं वेगळं आणि माल वेगळा असेल तोवर ठीकच आहे की हे. पण त्या काकूंच्या मुलाचं सुटलेलं कॉलेज, ते भांडं की माल?

सॉफ्टवेअर हे विचारत नाही. तुम्ही दिलेला कॉलम ते निमूटपणे वजा करून देतं.

यातल्या यात सगळ्यात सज्जन व्हेरिएबल म्हणजे वय. आजारामुळे कुणाचं वय कमीजास्त होत नाही, त्यामुळे बाण कुठून कुठे जातो याबद्दल भांडण नाही. आणि वयाचा परिणाम इतका दणदणीत असतो की तो न धरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. साठीच्या आसपास निरोगी माणसाच्या मेंदूचं आकारमान वर्षाला साधारण अर्धा टक्का कमी होत जातं, हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींशी संबंधित भाग, त्याचा वेग त्याहून जास्त. आता हे दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून बघा. स्किझोफ्रेनियात, म्हणजे आवाज ऐकू येण्यासारख्या लक्षणांच्या आजारात, एकूण मेंदूच्या आकारमानात सरासरी फरक सापडतो तो दोन-तीन टक्क्यांचा. म्हणजे वयस्कर लोकांच्या अभ्यासात दोन ग्रुपच्या सरासरी वयात चार वर्षांचा फरक राहिला तर नुसत्या त्या चार वर्षांनी तुम्हाला जवळपास आजाराएवढा फरक दाखवता येतो, आजार नसतानाही. पेपरातल्या पहिल्या टेबलकडे म्हणूनच मी हल्ली संशयाने बघते. तिथे दोन्ही ग्रुपची वयं लिहिलेली असतात आणि शेजारी पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता), ०.१२ वगैरे, आणि खाली बिनधास्त लिहिलेलं असतं की वयाच्या बाबतीत ग्रुप सारखे होते. दोन्हीकडे वीस-वीस माणसं, वयाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, आठ वर्षं आणि सरासरीत फरक चार वर्षांचा, असं असलं तरी पी ०.१२ च्या आसपासच येते, वाटल्यास करून बघा. पी मोठी आली याचा अर्थ माणसं कमी होती एवढाच असू शकतो. सारखी होती असा तो अर्थ कधीच नव्हता, पण ही पळवाट इतक्या जणांनी वापरलीय की आता तो हमरस्ता झालाय.

वयाची दुसरी गोम म्हणजे ते सरळ रेषेत चालत नाही. लहानपणी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, जाड, मग पौगंडावस्थेत पातळ होत जातो, व्हाइट मॅटर, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तारांचा भाग, मात्र चाळिशीपर्यंत वाढत राहतं आणि मग उतरणीला लागतं. या सगळ्या चढउतारावर तुम्ही एक सरळ पट्टी ठेवलीत आणि म्हणालात की वय कंट्रोल केलं, तर पट्टीखाली जे राहिलं त्याचं काय? आणि त्याहून वाईट प्रकार म्हणजे पेशंट चाळीस ते साठ वयातले आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची निरोगी माणसं, म्हणून गोळा केलेले सगळे विशीतले स्टुडंट, कारण जाहिरात त्यांच्याच बोर्डावर लागलेली असते आणि वेळ त्यांच्याकडेच असतो. मग समीकरण काय करतं, तर विशीतल्या पोरांची रेषा पुढे ओढत नेतं आणि ही पोरं पन्नाशीची असती तर त्यांचे मेंदू कसे दिसले असते याची कल्पना करतं. कल्पना, दुसरं काही नाही. आईनस्टाईनच्या मेंदूचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. १९८५ मध्ये मेरियन डायमंड आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मेंदूचे तुकडे तपासले आणि एका भागात न्यूरॉनच्या मानाने ग्लिया, म्हणजे न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी, जास्त आहेत असं सांगितलं. तुलनेला अकरा पुरुषांचे मेंदू होते, त्यांचं सरासरी वय ६४, आणि आईनस्टाईन गेला ७६ व्या वर्षी. त्यात चार जागा तपासलेल्या, फरक टिकला एका जागी. मला त्या पेपरावर राग नाही, एका माणसाच्या मेंदूचं कुणी काय करणार, पण बुद्धिमत्तेचं रहस्य म्हणून तो आकडा जगभर फिरला तेव्हा त्याच्यासोबत ती मधली बारा वर्षं कुणी फिरवली नाहीत.

हे सगळं वाचताना मी मागे मागे जात पार १८६१ पर्यंत पोचले, आणि तिथे जे दिसलं ते बघून बराच वेळ हसत होते आणि मग हसू गेलं. पॉल ब्रोका म्हणजे तोच, ज्याच्या नावाने मेंदूतला बोलण्याचा भाग ओळखला जातो, आणि तो शोधही त्याच वर्षीचा. तेव्हा स्कॅन वगैरे काही नाही, मेंदू काढायचा आणि वजन करायचं. पॅरिसच्या मानववंशशास्त्राच्या सोसायटीत त्याचा ग्रातिओले या शरीरशास्त्रज्ञाशी वाद पेटलेला. ग्रातिओलेचं म्हणणं की मेंदूच्या वजनावरून बुद्धी ठरत नाही, आणि त्याने पुरावा म्हणून एक अडचणीचा आकडा पुढे केला, की हुश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या मोजणीत जर्मन मेंदू फ्रेंच मेंदूपेक्षा सरासरी १०० ग्रॅम जड भरले. आता वजन म्हणजेच बुद्धी मानलं तर फ्रेंच माणसाने काय करायचं? ब्रोका काही कच्चा गडी नव्हता. त्याने शांतपणे एकेक हिशेब मांडला. जर्मन माणसं अंगाने मोठी, ते वजा करा. दोन्हीकडच्या मृतांची वयं वेगळी, वयाबरोबर मेंदू हलका होतो, ते वजा करा. माणूस कसा मेला, दीर्घ आजाराने की अचानक, त्यानेही वजनात फरक पडतो, तेही वजा करा. झालं, फ्रेंचांची पिछाडी नाहीशी! आणि खरं सांगायचं तर हे सगळे हिशेब बरोबर होते. आजचा कुठलाही रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर छापण्याआधी तपासणारा, हेच मागेल, वय कंट्रोल करा, शरीराचा आकार कंट्रोल करा, मृत्यूचं कारण कंट्रोल करा. दीडशे वर्षं आधी हा माणूस हे करत होता.

मग बायकांच्या मेंदूचा विषय आला. २९२ पुरुषांचे मेंदू, सरासरी १३२५ ग्रॅम. १४० बायकांचे, सरासरी ११४४. फरक १८१ ग्रॅमचा. शरीराच्या आकाराचा परिणाम कसा वजा करायचा हे ब्रोकाला चांगलंच येत होतं, नुकतंच त्याने ते जर्मनांवर करून दाखवलं होतं. इथे मात्र त्याने ती वजाबाकी करायचे कष्टच घेतले नाहीत. बाई अंगाने लहान म्हणून मेंदू लहान असेल का, असा प्रश्न त्याने स्वतःच काढला, आणि उत्तर काय दिलं तर बायका सरासरीने पुरुषांपेक्षा थोड्या कमी बुद्धिमान असतात हे विसरून चालणार नाही, म्हणून काही भाग आकारामुळे आणि काही भाग बुद्धीमुळे. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून वापरलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे इतक्या नीटनेटक्या आकडेमोडीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. ब्रोकाने डेटा खोटा लिहिला असं नाही, आकडे बदलले असंही नाही. त्याने फक्त ठरवलं की कुठली वजाबाकी कधी करायची.

हा वाद आजही संपलेला नाही, फक्त सभ्य झालाय. पुरुषांचा मेंदू सरासरीने साधारण दहा-अकरा टक्के मोठा असतो, त्यामुळे कुठलाही भाग मोजा, तो पुरुषांत मोठाच निघणार. म्हणून डोक्याच्या आकाराची दुरुस्ती करायची. ती केली की बहुतेक फरक आक्रसतात, काही गायब होतात आणि काही तर उलटे होतात. ते कशावर अवलंबून, तर दुरुस्ती कोणत्या पद्धतीने केली त्याच्यावर! नुसता भागाकार केलात तर एक उत्तर, रिग्रेशनने, म्हणजे वरच्या त्या खाती चुकती करणाऱ्या समीकरणाने, केलीत तर दुसरं. कारण मोठा मेंदू म्हणजे लहान मेंदूची मोठी झेरॉक्स नव्हे, मेंदू मोठा होताना व्हाइट मॅटर ग्रे मॅटरपेक्षा जास्त वेगाने वाढतं, त्यामुळे मोठ्या डोक्यात ग्रे मॅटरचा वाटा कमी दिसतो, मग ते डोकं पुरुषाचं असो की बाईचं. भागाकार केला की हा सगळा परिणाम लिंगाच्या नावावर जमा होतो. बातमीत मात्र एवढंच छापून येतं की बायकांच्या मेंदूत ग्रे मॅटरचं प्रमाण जास्त. पुढचं कोण वाचतंय.

परत शिक्षणाकडे येते, कारण भुंगा तिथलाच होता. हा प्रश्न जुनाच निघाला. पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्येच यावर लिहून ठेवलंय, आणि चांगलं खडसावून लिहिलंय. स्किझोफ्रेनियाचे पेशंट आणि निरोगी लोक शिक्षणाच्या बाबतीत सारखे करून घ्यावेत असं सगळ्यांना वाटतं. पण ते करायला गेलात की काय होतं बघा. पेशंट साधारण दहा वर्षं शिकलेले, मग तुम्ही निरोगी माणसंही दहाच वर्षं शिकलेली शोधून आणता. पण आजार नसताना ज्याचं शिक्षण तिथे थांबलं त्याचं काही वेगळं कारण असणार, पैसे नव्हते, घरात कुणी आजारी होतं, अभ्यास जमत नव्हता. तो आता निरोगी लोकांचा प्रतिनिधी राहिला नाही. किंवा उलटं करा, डिग्री झालेलेच पेशंट घ्या, म्हणजे कंट्रोलशी जुळतील. मग तुमच्याकडे आले ते ज्यांचा आजार उशिरा सुरू झाला किंवा सौम्य होता तेच, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते बाहेरच राहिले. एका बाबतीत माणसं जुळवायला जावं तर दुसऱ्या दहा बाबतींत ती उसवतात, आणि त्या दहा बाबींचा तर फॉर्ममध्ये रकानाही नसतो. रिग्रेशनमध्ये शिक्षणाचा कॉलम घातला तरी हेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही म्हणून अपराधी वाटत नाही. आजाराने कॉलेज सोडायला लावलं, कॉलेज वजा केलं, म्हणजे आजाराचाच एक तुकडा कापून फेकला, आणि मग उरलेल्याला म्हणायचं हा बघा शुद्ध आजार.

२००१ मध्ये ग्रेगरी मिलर आणि जीन चॅपमन यांनी नेमकं हेच सांगितलं. ग्रुप जर चिठ्ठ्या टाकून, म्हणजे रँडम पद्धतीने बनलेले नसतील आणि कोव्हेरिएट, म्हणजे वजा करायचा तो कॉलम, ग्रुपशीच चिकटलेला असेल, तर तो वजा करून ग्रुप सारखे होत नाहीत, तशी दुरुस्ती करण्यासाठी ही पद्धत बनलेलीच नाही. आणि त्याच्याही आधी, १९६७ साली फ्रेडरिक लॉर्डने एक कोडं घातलं होतं ते तर भन्नाटच. एका युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये मुलं-मुली वर्षभर जेवतात, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी वजन घेतलंय. दोन्ही ग्रुपचं सरासरी वजन होतं तेवढंच राहिलं. एक स्टॅटिस्टिशियन म्हणतो जेवणाचा कुणावरच परिणाम नाही, बघा की आकडे. दुसरा सुरुवातीचं वजन कंट्रोल करतो आणि म्हणतो, सारख्या वजनाने सुरू केलेल्या मुलामुलींची तुलना केली तर मुलांचं वजन जास्त वाढलं. डेटा तोच, गणित दोघांचंही बरोबर. त्यावर आजपर्यंत ढीगभर लिहिलं गेलंय, आणि मला त्यातून कळलं ते एवढंच की प्रश्न काय आहे हे आधी ठरवावं लागतं आणि ते आकड्यांच्या आत सापडत नाही. कोण कशाचं कारण आहे हे बाहेरून, डोकं वापरून, कधीकधी नुसतं माणसाचं ऐकून ठरवावं लागतं.

त्या काकूंनी ते फॉर्म भरता भरता सांगितलं होतं, फुकट!

स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात यावर एक तोडगा वापरतात, पेशंटचं स्वतःचं शिक्षण सोडून आईवडिलांचं शिक्षण धरायचं. मुलाच्या आजारामुळे आईची डिग्री काही मागे जात नाही, आणि घरची परिस्थिती कशी होती याचा अंदाज तर येतो. मला हा उपाय आवडतो, पण फार विश्वासही टाकवत नाही, कारण शिक्षणाची वर्षं हा आकडाच मुळात किती ढोबळ आहे. दहा वर्षं म्हणजे कुठली दहा वर्षं, कशा शाळेत, पोट भरलेलं असताना की रिकामं? २०१६ मध्ये वेस्टफॉल आणि यारकोनी यांनी दाखवून दिलं की ज्या गोष्टीचं माप ढोबळ आहे ती कंट्रोल केली तर ती अर्धवटच कंट्रोल होते, उरलेली गळून दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर जमा होते, आणि सॅम्पल मोठं असेल तर अधिकच ठामपणे जमा होते. म्हणजे एकीकडे जास्त कापण्याची भीती आणि दुसरीकडे कमी कापण्याची, आणि एकाच कॉलममध्ये दोन्ही एकदम घडू शकतं. इकडे आड तिकडे विहीर.

उत्पन्नाचंही तेच. २०१५ मध्ये ३ ते २० वयाच्या १०९९ मुलामुलींचा एक मोठा अभ्यास आला, किंबर्ली नोबल आणि सहकाऱ्यांचा. त्यात घरचं उत्पन्न आणि कॉर्टेक्सचं क्षेत्रफळ यांचा संबंध दिसला, आणि तोही सरळ रेषेत नाही, गरीब घरांत उत्पन्नाच्या थोड्याशा फरकाबरोबर मेंदूत बराच फरक, श्रीमंत घरांत तेवढ्याच पैशाने जवळपास काहीच नाही. मला त्या आलेखाने बराच वेळ थांबवलं, कारण बाकी सगळीकडे उत्पन्न हा कोपऱ्यात बसवलेला कॉलम असतो, कंट्रोल केला आणि विसरलो. इथे कुणीतरी तो कॉलम उचलून मधोमध आणून ठेवला होता. एकाच्या पेपरातला अडथळा तो दुसऱ्याच्या पेपरातला विषय. अमेरिकेतल्या अभ्यासांत वंशाचा रकाना असतो, त्याचंही असंच चालतं, तो वजा करून टाकतात आणि त्या एका चौकोनात नेमकं काय काय भरलेलं होतं, कुठला मोहल्ला, कसली हवा, किती भीती, हे न बघताच तो वजा झालेला असतो.

मला विचाराल तर यातलं सगळ्यात देखणं काम लंडनच्या टॅक्सीवाल्यांवरचं आहे, आणि देखणं म्हणजे पहिला पेपर नाही, जो सगळ्यांना माहितीय. २००० साली एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी १६ टॅक्सी ड्रायव्हरांची तुलना ५० इतर पुरुषांशी केली, हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग ड्रायव्हरांत मोठा निघाला. लगेच लोकांनी शंका काढल्या, आणि रास्तच होत्या. दिवसभर गाडी चालवणं, ट्रॅफिकचा ताण, बसून काम, गिऱ्हाइकांशी डोकेफोड, यातल्या कशामुळेही झालं असेल. आता यावर चार कॉलम वाढवून रिग्रेशन चालवता आलं असतं, ताण किती, तास किती. त्यांनी काय केलं, तर २००६ मध्ये बस ड्रायव्हर आणले! तेच शहर, तोच ट्रॅफिक, तेवढीच वर्षं स्टिअरिंगवर, प्रवाशांची कटकटही तीच. फक्त बसचा रस्ता ठरलेला आणि टॅक्सीवाल्याला अख्ख्या शहराचा नकाशा डोक्यात ठेवावा लागतो. फरक तरीही राहिला. मग शंका उरली की कदाचित मोठा हिप्पोकॅम्पस असलेलेच टॅक्सीवाले होत असतील, त्यावर २०११ मध्ये त्यांनी टॅक्सीच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची तयारी सुरू करणारे ७९ जण आधीच स्कॅन केले आणि काही वर्षांनी परत. ३९ पास झाले. सुरुवातीला पास होणारे, न होणारे आणि बाहेरचे लोक यांच्यात फरक नव्हता, नंतर पास झालेल्यांतच वाढ दिसली. इथे कुणी कुणाला वजा केलं नाही. माणूस स्वतःशीच ताडून बघितला. हे बस ड्रायव्हर सुचायला गणित लागत नाही, त्यासाठी कुणीतरी रस्त्यावर उभं राहून विचार केलेला असावा लागतो असं मला उगाचच वाटतं.

अर्थात हे सगळ्यांना परवडत नाही. आजाराच्या आधीचा स्कॅन कुठून आणणार? कुठल्या मुलाला पुढे काय होणार हे आधी माहीत नसतं, म्हणून मग आता हजारोंनी निरोगी लोकांचे स्कॅन करून ठेवतात आणि वाट बघतात. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांची जवळपास १२,००० मुलं २१ केंद्रांवर घेतलीयत, ब्रिटनच्या बायोबँकेने एक लाख लोकांच्या स्कॅनचं लक्ष्य ठेवून काम केलं. तिथेही नवे नखरे आहेतच. स्वतःहून स्कॅनला येणारा माणूस सरासरीपेक्षा तब्येतीने आणि परिस्थितीने बरा असतो. केंद्र बदललं की मशीन बदलतं, मशीन बदललं की मेंदूची जाडी बदलते, ते निस्तरायला कॉम्बॅट नावाची पद्धत वापरतात, जी मुळात जनुकांच्या डेटासाठी बनवलेली. पण एका केंद्रावर सगळे म्हातारे आणि दुसऱ्यावर सगळे तरुण असतील तर मशीन कुठे संपतं आणि वय कुठे सुरू होतं ते कॉम्बॅटच्या देवालाही सांगता येणार नाही.

आणि हालचाल! स्कॅनमध्ये डोकं हललं की चित्रावर तळ्यातल्या लाटांसारख्या रेघा येतात ते तर दिसतं, पण मिलिमीटरहूनही कमी हललेल्या डोक्याचा परिणाम डोळ्याला दिसतच नाही. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या टीमनी जवळपास एकदमच सांगितलं की या एवढ्याशा हालचालीने मेंदूच्या जवळजवळच्या भागांतले संबंध, म्हणजे ते किती एकत्र काम करतात ते, उगाच पक्के दिसतात आणि लांबलांबच्या भागांतले कच्चे. गंमत म्हणजे लहान मुलांच्या मेंदूबद्दल आधी जे छापलं जात होतं ते बरंचसं असंच होतं, आणि मुलं तर हलतातच. म्हणून आता हललेले स्कॅन काढून टाकतात, आम्हीही काढतो. पण हलतं कोण? लहान मुलं, म्हातारी माणसं, औषधांनी अस्वस्थ झालेले, ज्यांचा आजार जास्त आहे ते. म्हणजे डेटा साफ करता करता ग्रुपही बदलत जातो, आणि शेवटी शांत पडून राहू शकणाऱ्या पेशंटांची तुलना शांत पडून राहू शकणाऱ्या निरोगी लोकांशी होते. सोबत काम करणाऱ्याशी यावरून माझी नेहमी जुंपते. तो म्हणतो मग काय, खराब स्कॅन ठेवायचे? नाही रे बाबा, ठेवायचे नाहीत, पण कोण गेलं त्याचं एक वेगळं टेबल तरी छापू, वय, शिक्षण, आजाराची तीव्रता. तो म्हणतो शब्दमर्यादा.

परवा आमच्या एका पेपरावर रिव्ह्यूअरचं पत्र आलं. मुद्दा क्रमांक तीन, शिक्षणाच्या बाबतीत ग्रुप वेगळे आहेत, तरी लेखकांनी शिक्षण कंट्रोल करावं. एका ओळीचा मुद्दा. त्याचं उत्तर माझ्याकडे आलं आणि ते दीड पान झालं. त्यात लिहिलंय की आईवडिलांचं शिक्षण धरलेलं आहे, पेशंटचं स्वतःचं शिक्षण मुख्य मॉडेलमध्ये मुद्दाम घेतलेलं नाही कारण बऱ्याच जणांचं शिक्षण आजाराच्या सुरुवातीमुळेच थांबलं, आणि ते घेतलं तर ग्रुपमधला फरक बराच कमी होतो हे आम्ही परिशिष्टात दाखवतोय. तो कमी का होतो याची दोन स्पष्टीकरणं आहेत आणि आमच्याकडच्या डेटातून त्यातलं एक निवडता येत नाही. सोबतच्याने वाचून मान हलवली, म्हणाला, असं लिहिलंस तर पेपर परत येईल. मी म्हटलं येऊ दे. म्हटलं खरं, पण सबमिटचं बटण मात्र त्यालाच दाबायला लावलं.